इन्फेक्शन परत आले, म्हणजे जोडीदाराने फसवले का?

नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो रुग्णालयातून एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या अनेक जोडप्यांचे आयुष्य आज बाहेरून पाहता इतर कुणासारखेच चालते. रोज एक गोळी, ठरावीक काळाने केंद्रात एक फेरी, वर्षातून एकदा व्हायरल लोडची तपासणी, आणि बाकी नोकरी, मुलांची शाळा, घराचा हप्ता. भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ रोजी. त्यानंतरच्या दोन दशकांत “किती दिवस जगू” हा प्रश्न नियमित औषध घेणाऱ्या बहुतेकांसाठी मागे पडला आणि त्याच्या जागी अधिक खाजगी प्रश्न उभे राहिले. त्यांतला एक प्रश्न घराघरांत विचारला जातो, पण डॉक्टरांपर्यंत क्वचित पोहोचतो: रिपोर्ट चांगला आहे, गोळ्या वेळेवर सुरू आहेत, मग गुप्तांगावरचे फोड तिसऱ्यांदा कुठून आले? अंगावरून पांढरे जाणे थांबत का नाही? आणि याचा अर्थ दुसरा कुणीतरी मध्ये आला आहे, असाच घ्यायचा का?

एकदा एचआयव्हीचे निदान स्वीकारलेल्या घरात हा संशय अधिक खोल जातो, कारण तिथे विश्वासाची एक परीक्षा आधीच होऊन गेलेली असते. नवरा कुठून घेऊन आला, बायकोला आधी होते की नंतर झाले, या प्रश्नांच्या जखमा बऱ्या होत आलेल्या असतात आणि नवा फोड त्या पुन्हा उघडतो. म्हणून “कुणामुळे” हा प्रश्न विचारण्याआधी “कोणता जंतू” आणि “नवा की जुनाच” हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणेन. या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा दवाखान्यात मिळू शकतात. “कुणामुळे” या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येत नाही.

## गोळी कोणत्या विषाणूसाठी आहे?

एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या संरक्षक पेशींवर हल्ला करतो. त्यांतल्या सीडी फोर नावाच्या पेशींची संख्या प्रतिकारशक्ती किती उरली आहे हे सांगते, तर व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलीटर रक्तात विषाणूच्या किती प्रती सापडल्या तो आकडा. एआरटी, म्हणजे रोज घ्यायची एचआयव्हीविरोधी औषधे, या विषाणूची वाढ रोखतात. ती नियमित घेतली की काही महिन्यांत व्हायरल लोड इतका खाली येतो की यंत्राला तो सापडत नाही. विषाणू शरीरातून संपलेला नसतो, पण तो दडपलेला असतो, आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही.

हे शेवटचे वाक्य दिलाशासाठी लिहिलेले नाही. युरोपातील पार्टनर नावाच्या अभ्यासात, एक जोडीदार एचआयव्हीसह जगणारा आणि दुसरा नसलेला, अशी शेकडो जोडपी वर्षानुवर्षे पाहिली गेली. त्याचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध आले, तरी दडपलेल्या विषाणूचा जोडीदाराकडून जोडीदाराला एकही संसर्ग आढळला नाही. काही जणांना अभ्यासाच्या काळात एचआयव्ही झाला खरा, पण विषाणूची जनुकीय तुलना केल्यावर तो त्यांच्या जोडीदाराचा नव्हता, हे स्पष्ट झाले.

इथे एक शंका लगेच येते. जोडीदाराला दुसरे एखादे लैंगिक इन्फेक्शन झाले, तर ही सुरक्षा टिकते का? पार्टनर अभ्यासातील अनेकांना त्या काळात इतर लैंगिक संसर्ग झालेले होते आणि तरीही एचआयव्हीचा आकडा शून्यच राहिला. मात्र ही गोष्ट गोळ्या नियमित चालू असलेल्यांची आहे. ज्यांचे औषध सुरूच झालेले नाही किंवा मध्येच तुटले आहे, त्यांच्यात गुप्तांगावरची जखम किंवा सूज एचआयव्ही पसरण्याची शक्यता नक्कीच वाढवते.

आता दुसरी बाजू. एआरटीची गोळी एचआयव्हीसाठी आहे. परमा (गनोरिया), गरमी (सिफिलिस), क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, हर्पीस, जननांगावरचे मस, यांपैकी कशावरही तिला उपचार म्हणून दिले जात नाही. व्हायरल लोडचा उत्तम रिपोर्ट हातात असताना यांपैकी काहीही होऊ शकते, आणि ते झाले म्हणून एचआयव्हीचे औषध फसले असे होत नाही. मेंदूने ही दोन माहिती वेगळी ठेवली की निम्मी भीती कमी होते.

## “पुन्हा झाले” म्हणजे नेमके काय झाले?

रुग्ण “परत झाले” एवढेच सांगतो, पण त्यामागे पाच निरनिराळ्या घटना असू शकतात. जुनाच विषाणू शरीरात झोपलेला होता, तो जागा झाला. किंवा पहिला उपचारच अपुरा पडला, कारण औषध चुकीचे होते, अर्धवट घेतले, किंवा जंतू त्या औषधाला दाद देत नव्हता. किंवा आपण बरे झालो, पण जोडीदाराने औषध घेतले नव्हते, त्यामुळे त्याच्याकडून तोच जंतू परत आला. किंवा हे इन्फेक्शन मुळात लैंगिक संबंधांतून येणारे नव्हतेच. आणि पाचवी शक्यता, बाहेरचा नवा संबंध. मनात संशय असला की माणूस थेट पाचव्या शक्यतेवर उडी मारतो, कारण बाकीच्या चारांविषयी त्याला कुणी कधी सांगितलेले नसते.

## हर्पीस: बाहेरून न येता उठणारे फोड

या चार शक्यतांपैकी पहिली सर्वांत जास्त घरे मोडते, असे मला वाटते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. जननांगाचा हर्पीस विषाणू एकदा शरीरात शिरला की तो आयुष्यभर राहतो. फोड सुकल्यावर तो कमरेखालच्या मणक्यांजवळील मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन निष्क्रिय पडून राहतो आणि ताप, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी अशा निमित्ताने पुन्हा त्याच भागाच्या त्वचेवर उतरतो. आधी तिथे झिणझिण्या किंवा जळजळ, मग लहान पाणीदार फोड, मग ते फुटून दुखरी जखम, आणि काही दिवसांत पुन्हा सगळे साफ. यासाठी कुणाशीही नवा संबंध येण्याची गरज नसते. (अंगावर पट्ट्यात उठणारी नागीण वेगळ्या विषाणूमुळे होते. ती लैंगिक आजार नाही, आणि एचआयव्ही असलेल्यांना ती होणेही नवे नाही.)

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा विषाणू शरीरात असलेल्या बहुसंख्य लोकांना तो असल्याचे माहीतच नसते. पहिला हल्ला इतका सौम्य असू शकतो की तो घामोळे किंवा खरचटणे समजून विसरला जातो. त्यामुळे लग्नाला दहा वर्षे झाल्यावर पहिल्यांदा फोड दिसला, याचा अर्थ संसर्ग गेल्या महिन्यातला आहे असा होत नाही. तो लग्नाआधीचा असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही असू शकतो, आणि फोड नसतानाही विषाणू अधूनमधून त्वचेवर उतरत असल्यामुळे तो नकळत जोडीदाराकडे गेलेला असू शकतो. हर्पीसची रक्ततपासणी केली तरी ती फक्त विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती एवढे सांगते. केव्हा आणि कुणाकडून, हे तिला सांगता येत नाही. पैसे खर्च करून ती तपासणी केवळ आरोप सिद्ध करण्यासाठी करणाऱ्यांना हे आधीच कळायला हवे.

एचआयव्ही असलेल्यांत हर्पीस अधिक वेळा आणि अधिक काळ त्रास देतो, विशेषतः सीडी फोर कमी असताना. यातही एक गोंधळात टाकणारा टप्पा आहे. एआरटी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे फोड काही जणांना उलट जास्त येतात, कारण सावरू लागलेली प्रतिकारशक्ती जुन्या विषाणूवर जोराने प्रतिक्रिया देते. म्हणजे ज्या काळात पती किंवा पत्नी नुकतीच नियमाने औषध घेऊ लागलेली असते, नेमक्या त्याच काळात शरीर असे चिन्ह दाखवते की घरच्यांना विपरीत वाटावे. वारंवार फोड येत असतील तर डॉक्टर असायक्लोविरसारखे औषध काही महिने रोज घ्यायला देऊ शकतात. त्याने विषाणू जात नाही, पण फोड येण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

एचपीव्ही या विषाणूमुळे येणाऱ्या मसांचेही साधारण असेच आहे. तो वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो आणि जाळलेले किंवा गोठवलेले मस पुन्हा उगवू शकतात. स्त्रियांसाठी मसापेक्षा मोठी काळजी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांत त्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो, आणि म्हणून त्यांची तपासणी वयाच्या २५व्या वर्षापासून सुरू करावी, असे ही संघटना सांगते. ज्या घरात “हा मस कुणाचा” यावर महिनाभर भांडण चालते, तिथे ही तपासणी राहून जाते. मला हे अतिशय दुःखदायक वाटते, कारण या कर्करोगाआधीचे बदल लवकर सापडले तर तो रोखता येतो.

## अंगावरून पांढरे जाणे आणि जांघेतील खाज

स्त्रियांची सर्वांत सामान्य तक्रार अंगावरून पांढरे जाण्याची असते, आणि तिच्यामागे बरेचदा लैंगिक आजार नसतो. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज असेल तर ती बहुधा बुरशी असते. मधुमेह, नुकतीच घेतलेली प्रतिजैविके किंवा कमी सीडी फोर यांमुळे ती वारंवार होते. माशासारखा वास असलेला पातळ स्राव असेल तर योनीतील नेहमीच्या जिवाणूंचा समतोल बिघडलेला असू शकतो, आणि उपचारानंतर वर्षभरात तो निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये पुन्हा बिघडतो. या दुसऱ्या प्रकाराचा लैंगिक संबंधांशी काही संबंध निश्चित आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत नवऱ्यालाही औषध दिल्यावर बायकोचा त्रास परत येणे कमी झाले. परंतु हे जोडीदारांमधील जिवाणूंच्या देवाणघेवाणीचे लक्षण आहे, बाहेरख्यालीपणाचे नाही.

पुरुषांच्या बाबतीत नागपूरच्या उन्हाळ्याचा उल्लेख केलाच पाहिजे. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाच्या जांघेत जी खाज आणि गोल चट्टे उठतात, ते बहुतेक वेळा गजकर्ण असते. मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने ते दोन दिवस दबते आणि मग अधिक पसरून परत येते. “दर उन्हाळ्यात याला काहीतरी होते” हा संशय अनेकदा एका चुकीच्या मलमावर उभा असतो.

## व्हीडीआरएलचा आकडा कसा वाचावा?

गरमी, म्हणजे सिफिलिस, हा पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होणारा आजार आहे, पण त्याचा रिपोर्ट वाचताना सुशिक्षित माणसेही चुकतात. यात दोन प्रकारच्या तपासण्या असतात. टीपीएचएसारखी तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते. आजार आता आहे की पूर्वी होऊन गेला, हे ती सांगत नाही. दुसरी तपासणी व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही असते, आणि तिच्यात १:८, १:३२ असे आकडे येतात.

हा आकडा समजून घ्यायला आंबट ताकाचे उदाहरण पुरेल. ताकात पाणी घालत गेलात, दुप्पट, चौपट, आठपट, तर ज्या टप्प्यापर्यंत जिभेला आंबटपणा कळतो त्यावरून मूळ ताक किती आंबट होते याचा अंदाज येतो. प्रयोगशाळाही रक्तातील द्रव असाच दुप्पट-दुप्पट पातळ करत जाते आणि किती पातळ केल्यावरही चाचणी पॉझिटिव्ह येते ते लिहिते. १:३२ म्हणजे बत्तीसपट पातळ केल्यावरही प्रतिक्रिया दिसली. उपचारानंतर हा आकडा चौपटीने उतरायला हवा, म्हणजे १:३२ वरून १:८ किंवा त्याखाली. एचआयव्ही असलेल्यांत याला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो.

यातून तीन गोष्टी निघतात. १:४ चा १:८ झाला तर तो एका पायरीचा फरक आहे आणि तेवढा फरक चाचणीच्या मर्यादेतच येतो. त्यावरून नवा संसर्ग झाला असे कुणी म्हणू नये. काही जणांचा आकडा व्यवस्थित उपचार होऊनही खालच्या पातळीवर अडकून राहतो आणि पूर्ण निगेटिव्ह कधीच होत नाही. आणि आकडा उतरून गेल्यावर पुन्हा चौपट चढला, म्हणजे १:२ चा १:८ किंवा १:१६ झाला, तर मात्र तो बहुधा नवा संसर्ग असतो आणि तो गांभीर्याने घ्यावा लागतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नयेत, आणि तुलना शक्यतो एकाच प्रयोगशाळेतील, एकाच प्रकारच्या चाचणीच्या आकड्यांची करावी.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. गरमीचा जंतू कोणतेही लक्षण न दाखवता शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतो. एआरटी केंद्रातील नेहमीच्या तपासणीत तो पहिल्यांदा सापडला, तर तो अनेक वर्षांपूर्वीचा असण्याची शक्यता खरी आहे. गर्भारपणात किंवा काही इतर आजारांत व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्हही येते, त्यामुळे टीपीएचएने खात्री केल्याशिवाय घरात एक शब्दही बोलू नये.

## मग संशयाला कधीच जागा नाही का?

आहे, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परमा या आजारात पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येणे आणि जळजळ साधारण दोन ते सात दिवसांत सुरू होते, म्हणजे तो संसर्ग सहसा अलीकडचा असतो. पण इथेही घाई करू नये. स्त्रियांमध्ये परम्याची लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. क्लॅमिडिया तर बहुतेक स्त्रियांना कळतच नाही आणि महिनोन्‌महिने राहू शकतो. ट्रायकोमोनास पुरुषाच्या शरीरात त्रास न देता बराच काळ टिकतो. म्हणजे नवऱ्याने औषध घेतले, बायकोने घेतले नाही, आणि सहा आठवड्यांनी नवऱ्याला पुन्हा स्राव सुरू झाला, तर बाहेरचा कुणीही न येता हे सगळे घडू शकते. हाच क्रम उलटा, बायकोकडून सुरू होऊनही घडतो.

या वारंवारतेला आपल्याकडे एक कारण औषधांच्या दुकानात सापडते. लाजेपोटी डॉक्टरांकडे न जाता अनेक जण सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या मागून घेतात. भारतातील परम्याच्या जंतूंनी या औषधाला दाद देणे जवळपास बंद केले आहे. त्रास थोडा कमी होतो, जंतू राहतो, आणि तोच त्रास परत उसळला की त्याला “नवे” समजले जाते.

म्हणून परमा किंवा क्लॅमिडिया पुन्हा सापडला, दोघांनीही योग्य औषध पूर्ण घेतले होते, औषधानंतर सात दिवस संबंध टाळले होते, आणि दरम्यान तपासणी निगेटिव्ह आली होती, असे सगळे जुळत असेल, तर बाहेरच्या संबंधाची शक्यता समोर ठेवून बोलावे लागेल. यांपैकी एक दुवा जरी कच्चा असेल, तरी निष्कर्ष कच्चा राहतो.

बाहेर संबंध आला असेल, त्या व्यक्तीलाही मला काही सांगायचे आहे. घरी काय सांगायचे हे तुम्ही नंतर ठरवा, पण डॉक्टरांना खरे सांगा. संबंध कोणत्या प्रकारचा होता यावर तपासणी कुठल्या जागेची करायची हे ठरते. घशातील किंवा गुदमार्गातील परमा आणि क्लॅमिडिया लघवीच्या तपासणीत सापडत नाहीत आणि बहुधा त्रासही देत नाहीत. पुरुषांशी संबंध असणारे पुरुष, विवाहित असोत वा नसोत, हे सांगायला घाबरतात, आणि मग अर्धवट तपासणीमुळे इन्फेक्शन त्यांच्याकडे आणि त्यांच्या जोडीदारांकडे फिरत राहते.

## “आम्ही कंडोम वापरतो, तरीही?” आणि “दोघेही पॉझिटिव्ह आहोत, मग कंडोम कशाला?”

कंडोम परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनासपासून चांगले संरक्षण देतो. हर्पीस, एचपीव्ही आणि गरमी त्वचेच्या स्पर्शातून पसरतात, आणि कंडोमने न झाकलेल्या भागात जखम असेल तर ते पसरू शकतात. तिथे संरक्षण कमी होते, नाहीसे होत नाही.

दोघेही एचआयव्हीसह जगत असतील आणि दोघांचेही व्हायरल लोड दडपलेले असेल, तर एकमेकांकडून पुन्हा एचआयव्ही घेण्याची चिंता उरत नाही. इतर इन्फेक्शन्ससाठी आणि नको असलेल्या गर्भधारणेसाठी कंडोमचे काम मात्र तसेच राहते.

## विचारायचे कसे, सांगायचे किती?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचा उल्लेख नेहमी नोकरी आणि रुग्णालयातील भेदभावाच्या संदर्भात होतो, पण जोडप्यांसाठीही त्यात स्पष्ट तरतुदी आहेत. तपासणी संमतीशिवाय करता येत नाही, आणि कुणाचा एचआयव्हीचा निकाल त्याच्या संमतीशिवाय सासू-सासऱ्यांना, मालकाला किंवा शेजाऱ्यांना सांगता येत नाही. त्याच वेळी समुपदेशन मिळालेल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीवर दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्यही आहे. जोडीदाराला धोका आहे, समजावूनही रुग्ण त्याला सांगत नाही, अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाला आधी कल्पना देऊन जोडीदाराला सांगू शकतात. मात्र सांगितल्यामुळे एखाद्या स्त्रीला मारहाण होण्याचा किंवा घराबाहेर काढले जाण्याचा धोका असेल, तर कायद्याने तिला संरक्षण दिले आहे.

ही शेवटची तरतूद कागदावर का आली, हे आपल्या समाजात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. गर्भारपणात सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी होते, म्हणून अनेक घरांत स्त्रीचा निकाल आधी कळतो, नवऱ्याची तपासणी नंतर होते किंवा होतच नाही, आणि ज्याचे आधी कळले त्यानेच आणले, असे ठरून जाते. कुणाची तपासणी आधी झाली यावरून कुणाला संसर्ग आधी झाला हे कळत नाही. फोड, स्राव आणि व्हीडीआरएलच्या बाबतीतही नेमकी हीच चूक पुन्हा होते: जो आधी दवाखान्यात गेला, तो गुन्हेगार. याचा परिणाम असा की पुढच्या वेळी कुणीच आधी जात नाही.

एआरटी केंद्रातील समुपदेशकांना अशी परिस्थिती नवी नसते. आधी दोघांशी वेगवेगळे आणि मग संमती असेल तर एकत्र बोलण्याची विनंती त्यांच्याकडे करता येते. ज्या रात्री फोड दिसला त्याच रात्री प्रश्न विचारू नये. “तू कुठे गेला होतास” यापेक्षा “आपल्या दोघांनाही तपासावे लागेल” हे वाक्य अधिक सुरक्षित आहे आणि वैद्यकीयदृष्ट्याही तेच बरोबर आहे, कारण बहुतेक लैंगिक आजारांत एकट्याचा उपचार अर्धाच असतो. जोडीदाराने खरोखरच बाहेरचा संबंध कबूल केला, तर नाते ठेवायचे की नाही हा त्या दोघांचा निर्णय आहे. डॉक्टरांचा रिपोर्ट तो निर्णय घेऊ शकत नाही, आणि कुणी त्याला तो घ्यायला लावू नये.

## नागपुरात कुठे जावे?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक या नावाने सेवा चालते, आणि तिथे तपासणी व औषध मोफत असते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही ठिकाणी त्वचा व गुप्तरोग विभागात चौकशी करावी, आणि स्त्रियांनी स्रावाच्या तक्रारीसाठी डागा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागातही जावे. भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीहून औषधासाठी येणाऱ्यांनी एआरटीच्या तारखेलाच ही तपासणी करून मागितली तर दुसरी फेरी वाचते. कुठे जावे हे विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे नाव न सांगता बोलता येते.

राष्ट्रीय कार्यक्रमात लक्षणांनुसार औषधांची वेगवेगळ्या रंगांची पाकिटे ठरवलेली आहेत. लघवीच्या जागेतील स्रावासाठी करडे, हर्पीसच्या फोडांसाठी लाल, अशी. जोडीदार येऊ शकत नसेल, तर त्याच्यासाठी औषध मिळेल का हे तिथेच विचारावे, पण आधी त्याची औषधांची ॲलर्जी किंवा गर्भारपण यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. ट्रायकोमोनास असलेल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला एका मोठ्या मात्रेपेक्षा सात दिवसांचे औषध अधिक गुणकारी ठरते. त्यामुळे एआरटी चालू असल्याचे दुसऱ्या विभागातील डॉक्टरांपासून लपवू नये. आपण घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी जवळ ठेवावी, म्हणजे औषधे एकमेकांच्या आड येत नाहीत ना, हे त्यांना पाहता येते.

परमा, क्लॅमिडिया किंवा ट्रायकोमोनासचा उपचार झाल्यावर तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा तपासणी करावी, त्रास नसला तरी. तेव्हा जंतू पुन्हा सापडला, तर डॉक्टरांकडे पहिला प्रश्न असावा की जोडीदाराने औषध पूर्ण घेतले होते का, दुसरा असा की हा जंतू आता त्या औषधाला दाद देतो का, आणि बाकीचे प्रश्न त्यांनंतर.